मामांची वही, चारचा टेम्पो आणि जेनेटिक अल्गोरिदम

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज गुरुवार, भोसरीत आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते त्यामुळे चहा झाल्या झाल्या बसलोच. विषय थोडा टेक्निकल आहे, कुठल्या मशीनवर कुठलं काम कुठल्या क्रमानं लावायचं हे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचा, पण ज्यांनी कधी मशीन शॉपमध्ये काम केलंय किंवा ज्यांच्या घरातलं कुणी रोज डबा घेऊन एमआयडीसीत जातं त्यांना कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो.

मी एका मशीन शॉपमध्ये पीपीसी (प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल) बघतो. म्हणजे कुठला जॉब कधी कुठल्या मशीनवर लागणार, मटेरियल आलंय का, माल पार्टीला म्हणजे गिऱ्हाईकाला कधी जाणार, आणि नाही गेला तर फोनवर उत्तर कोण देणार, हे सगळं. आमच्याकडे गिअर आणि शाफ्ट बनतात, १४ मशीन आहेत, कुठल्याही दिवशी ५०-६० जॉब वेगवेगळ्या टप्प्यावर अडकलेले असतात. साध्या गिअरचा प्रवास बघा, आधी ब्लँकचं म्हणजे कच्च्या तुकड्याचं टर्निंग, म्हणजे लेथवर कातणे, मग हॉबिंग म्हणजे दात पाडणे, मग डीबरिंग म्हणजे कडांवरचे काटे काढणे, मग हीट ट्रीटमेंट म्हणजे तापवून कडक करणे, ती बाहेरून करून घेतो, माल परत आला की बोअर ग्राइंडिंग म्हणजे मधलं भोक घासून मापात आणणे, मग इन्स्पेक्शन आणि डिस्पॅच. शाफ्टचा रस्ता वेगळा, त्यात की-वे म्हणजे चावीची खाच आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंग म्हणजे बाहेरून गोल घासणे येतं. प्रत्येक जॉबचा रस्ता वेगळा आणि मशीन मात्र तीच, आमच्या लाइनमध्ये याला जॉब शॉप म्हणतात.

हे सगळं इतकी वर्षं आमचे मामा चालवत आलेत. शॉपमधले सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही. सांगलीकडचे, हातात एक लांबट वही, ज्यात मशीननुसार पानं आणि प्रत्येक पानावर पेन्सिलनं जॉबचा क्रम. पेन्सिलनं कारण दिवसातून चार वेळा खोडावं लागतं. मी जॉइन झालो तेव्हा मला वाटलं होतं की ही वही एक्सेलमध्ये टाकली की झालं. टाकली, आणि झालं काहीच नाही, कारण एक्सेल फक्त क्रम दाखवतं, क्रम ठरवत नाही. ठरवायचं डोकं मामांचंच. आणि मामा दोन दिवस गावाला गेले की तिसऱ्या दिवशी हॉबिंगसमोर ट्रॉल्यांची रांग आणि ग्राइंडिंगवाला मोकळा बसलेला, हे ठरलेलं.

आता यात एवढं अवघड काय आहे असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण एकाच मशीनसमोर १० जॉब असतील तर ते लावायचे क्रम होतात ३६,२८,८००. २० जॉब असतील तर सेकंदाला १० लाख क्रम तपासणारा कॉम्प्युटर बसवला तरी सगळे तपासायला साधारण ७७ हजार वर्षं लागतील, आणि हे एका मशीनचं झालं. दोनच मशीन असतील आणि सगळे जॉब त्याच क्रमानं दोन्हीवरून जात असतील तर जॉन्सन या अमेरिकी गणितज्ञांनी १९५४ मध्येच एक नियम दिलाय, कागद-पेन्सिलवर दहा मिनिटांत सगळ्यात कमी वेळाचा क्रम निघतो, आणि तो खरोखरच सगळ्यात चांगला असतो. पण तिसरं मशीन आलं की असा सोपा नियम हातात राहत नाही. १९६३ मध्ये फिशर आणि थॉम्प्सन या दोन संशोधकांनी एक छोटंसं कोडं छापलं, १० जॉब, १० मशीन, प्रत्येक जॉब प्रत्येक मशीनवर एकदा जातो, म्हणजे एकूण फक्त १०० ऑपरेशन. प्रत्येक मशीनवरचे क्रम मोजले तर होणाऱ्या जोडण्यांची संख्या ६६ आकडी येते. या कोड्याचं उत्तर, म्हणजे सगळे जॉब संपायला लागणारा कमीत कमी एकूण वेळ, ९३० आहे आणि त्यापेक्षा कमी होऊच शकत नाही हे पक्कं सिद्ध व्हायला १९८९ साल उजाडलं, फ्रान्समधल्या कार्लिए आणि पिन्सन यांनी ते केलं. २६ वर्षं! हे वाचलं त्या दिवशी मामांबद्दलचा माझा आदर फार वाढला, कारण आमच्याकडे १०० नाही तर ३०० च्या आसपास ऑपरेशन एका वेळी उघडी असतात आणि हा माणूस ते पेन्सिलनं करतोय, रोज, डोक्यात, चहा पिता पिता.

म्हणजे सगळ्यात चांगला क्रम शोधायचा हट्ट सोडायचा आणि चांगला क्रम शोधायचा. इथे जेनेटिक अल्गोरिदम येतो.

नाव ऐकून दचकू नका. माझे आजोबा ज्वारी करायचे, मळणीच्या आधी शेतात फिरून चांगली भरलेली, न लोळलेल्या ताटांची कणसं वेगळी काढून ठेवायचे, पुढच्या वर्षीच्या बियाण्याला. दरवर्षी तेच. आपल्याकडची प्रसिद्ध मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवड करत करतच काढलेली आहे. चांगलं निवडा, त्याचं बी पेरा, पुन्हा निवडा. यात दोन गोष्टी अजून घाला, एक म्हणजे संकर, दोन चांगल्या वाणांचे गुण एकत्र आणणे, आणि दुसरी म्हणजे उत्परिवर्तन, मध्येच एखाद्या ताटात आपोआप काहीतरी वेगळं निघणे. हीच पद्धत कॉम्प्युटरला शिकवायची कल्पना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांनी मांडली, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७५ चं. आणि ती जॉब शॉपच्या शेड्यूलिंगला लावून बघितली लॉरेन्स डेव्हिस यांनी १९८५ मध्ये. म्हणजे गोष्ट ४० वर्षं जुनी आहे, एआय एआय म्हणून आज जो गलका चाललाय त्याच्या कितीतरी आधीची.

आपल्या कामात ताट म्हणजे एक पूर्ण शेड्यूल. सुरुवातीला अशी १०० शेड्यूल बनवायची, कशीही. प्रत्येकाला मार्क द्यायचे. चांगल्या मार्कांची निवडायची, त्यांच्या जोड्या लावायच्या, त्यांच्यातून नवीन १०० बनवायची. अशा ३०० पिढ्या. माझ्या लॅपटॉपवर याला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला मार्क द्यायचा भाग नुम्बा हे वेग वाढवणारं टूल वापरून वेगवान केल्यावर आता चार मिनिटं लागतात.

संकर मात्र साधा नाही, आणि इथे मी पहिले दोन आठवडे अडकलो होतो म्हणून नीट सांगतो. समजा एका शेड्यूलमध्ये क्रम आहे अ ब क ड इ फ आणि दुसऱ्यात क फ अ इ ब ड. मधोमध कापून पहिल्याचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा भाग जोडला तर येतं अ ब क इ ब ड. झाली पंचाईत, ब हा जॉब दोनदा होणार आणि फ कधीच होणार नाही, पार्टीला काय सांगायचं? त्यामुळे पहिल्याचे पुढचे तीन तसेच ठेवायचे, अ ब क, आणि उरलेले जॉब दुसऱ्यात ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानं मागे लावायचे, फ इ ड. म्हणजे पोरगं झालं अ ब क फ इ ड. सगळे जॉब एकदाच, आणि आईबापाची दोघांचीही थोडी थोडी चाल त्यात आली.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी. जॉबला अनेक ऑपरेशन असतात आणि हॉबिंगच्या आधी टर्निंग व्हायलाच पाहिजे, क्रम उलटा लागला तर ते शेड्यूल कचरा. बियरविर्थ नावाच्या जर्मन संशोधकानं १९९५ मध्ये यावर जी युक्ती मांडली ती मला इतकी आवडली की त्या रात्री झोप नाही आली. जॉबची ऑपरेशन वेगवेगळी लिहायचीच नाहीत, फक्त जॉब नंबर लिहायचा, जितकी ऑपरेशन तितक्या वेळा. ३ हा नंबर ओळीत पहिल्यांदा दिसला की ते जॉब तीनचं पहिलं ऑपरेशन, दुसऱ्यांदा दिसला की दुसरं. बस. आता ओळ कशीही पिसा, टर्निंगच्या आधी हॉबिंग येऊच शकत नाही. इतकी साधी गोष्ट, पण सगळी भानगड मिटली.

तर असं सगळं जमवून मी एका बुधवारी संध्याकाळी पहिलं शेड्यूल काढलं, प्रिंट घेतली आणि मामांसमोर ठेवली. सगळे जॉब संपायला लागणारा एकूण वेळ कमीत कमी करायचा, एवढंच मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं, पुस्तकात तसंच असतं. मामांनी चष्मा वर केला, एक मिनिट बघितलं आणि विचारलं, "आरं, तीन नंबरला टेलस्टॉक हाय का? दीड फुटी शाफ्ट कशावर धरनार?" नव्हता. तीन नंबरच्या टर्निंगला टेलस्टॉकच नाही, म्हणजे शाफ्टचं दुसरं टोक धरणारा आधारच नाही, लांब शाफ्ट तिथे लागत नाही, ही गोष्ट अख्ख्या शॉपला माहीत आणि माझ्या डेटात कुठेच नाही. पुढे बोट फिरवत म्हणाले, "आन ह्यो नवा जॉब रात्री सेटिंगला लावलाय, फस्ट पीस कोन पास करनार? मी झोपेतनं उठून येऊ व्हय?"

हा दुसरा मुद्दा मला तेव्हा कळायला वेळ लागला. आमच्याकडे इन्स्पेक्टर दिवसाच असतो. नवीन सेटिंग, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी तयार करणं, झालं की पहिला पीस पास झाल्याशिवाय ऑपरेटर पुढचे काढत नाही, काढूही नयेत. म्हणजे रात्री अकराला सेटिंग संपलं तर मशीन सकाळी साडेसातपर्यंत उभं. म्हणून मामा काय करतात तर सगळी नवीन सेटिंगं दिवसा उरकतात आणि मोठ्या लॉटचे, लांब चालणारे जॉब संध्याकाळी लावून रात्रीला सोडतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, कुठे लिहिलेलंही नाही. वहीत फक्त क्रम असतो, त्या क्रमामागचं कारण वहीत नसतं.

तिथून पुढे दोन महिने मी अल्गोरिदमला हातच लावला नाही. स्टॉपवॉच घेऊन शॉपवर फिरलो. सिस्टिममधले सायकल टाइम, म्हणजे एक पीस व्हायला लागणारा वेळ, हे कोटेशन देताना टाकलेले असतात, त्यात जॉब चक्कमध्ये म्हणजे मशीनच्या पकडीत घालायचा काढायचा वेळ नसतो, इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक बदलायचा नसतो, चिप म्हणजे धातूचा कीस काढायचा नसतो. हॉबिंगचे बरे निघाले, टर्निंगचे बरेच चुकलेले होते. आणि मग सेटिंगचे वेळ, ही तर वेगळीच दुनिया आहे. कारण सेटिंगला किती वेळ लागतो हे जॉबवर नाही तर आधी कुठला जॉब होता यावर ठरतं. हॉबिंगला मॉड्यूल, म्हणजे दाताचा आकार, तोच असेल तर हॉब, म्हणजे दात पाडणारं कटर, काढायचा नाही, फक्त दातांच्या संख्येप्रमाणे इंडेक्स गिअर बदला आणि आर्बर, म्हणजे ब्लँक धरायचा दांडा, बघा. टर्निंगला डायामीटर जवळपासचा असेल तर सॉफ्ट जॉ, म्हणजे चक्कचे मऊ जबडे, पुन्हा बोअर करून चालतात, नाहीतर जॉच बदला.

एक उदाहरण देतो, आकडे समजायला सोपे धरलेत. हॉबिंगवर चार जॉब आहेत, अ आणि क अडीच मॉड्यूलचे, ब आणि ड तीन मॉड्यूलचे, मशीनवर आत्ता अडीचचा हॉब आहे. हॉब तोच असेल तर सेटिंग २० मिनिटं, बदलला तर ६०. अ ब क ड असे लावले तर २० अधिक ६० अधिक ६० अधिक ६०, म्हणजे २०० मिनिटं. अ क ब ड लावले तर २०, २०, ६०, २०, म्हणजे १२०. काहीही खर्च न करता ८० मिनिटं मिळाली, फक्त दोन कागद मागेपुढे केले. पण समजा ब आज चारच्या आत झालाच पाहिजे असा असेल तर? मग कदाचित पहिलाच क्रम बरोबर. सेटिंग वाचवायचं का तारीख, ही ओढाताण मामांच्या डोक्यात दिवसभर चालू असते.

चारचं काय ते सांगायचं राहिलं. हीट ट्रीटमेंटला माल न्यायला टेम्पो रोज चारला येतो. ४ वाजून ५ मिनिटांनी हॉबिंग संपलेला लॉट आणि रात्री ११ ला संपलेला लॉट यात काही फरक नाही, दोन्ही उद्याच्याच टेम्पोत. आणि बुधवारचा टेम्पो चुकला तर गुरुवारी सुट्टी, थेट शुक्रवार. पाच मिनिटांच्या उशिराची किंमत दोन दिवस. हे कॉम्प्युटरला सांगितलं नाही तर त्याचं शेड्यूल कागदावर सुंदर आणि शॉपवर निरुपयोगी. आता माझ्या प्रोग्रॅममध्ये टेम्पो हे एक मशीनच आहे, दिवसातून एकदाच चालणारं.

मग मार्क कशाचे द्यायचे, हा प्रश्न पुन्हा नव्यानं सोडवावा लागला, आणि माझं प्रामाणिक मत आहे की जेनेटिक अल्गोरिदमचं ९० टक्के काम इथेच असतं, संकर आणि उत्परिवर्तन हा सोपा भाग. एकूण वेळ कमी करा हे आमच्यासारख्या शॉपला लागूच पडत नाही, कारण आमचं काम कधी संपतच नाही, रोज नवीन ऑर्डर येते, शेवट असा नाहीच. आमच्यासाठी महत्त्वाची तारीख. म्हणून मी आधी प्रत्येक जॉब किती दिवस लेट होतोय त्याची बेरीज धरली. त्यातही गडबड झाली, १० जॉब एकेक दिवस लेट आणि एकच जॉब १० दिवस लेट, दोन्हीची बेरीज १०, म्हणजे कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच, त्यामुळे तो सरळ एखाद्या नकोशा जॉबचा बळी द्यायचा. मामांना विचारलं तर म्हणाले, "एक दिवसाला पार्टी फोन करती, धा दिवसाला दुसरा सप्लायर बघती." मग मी दिवसांचा वर्ग धरला. एक दिवस उशीर म्हणजे १, दहा दिवस उशीर म्हणजे १००. मामांच्या एका वाक्याचं सूत्र झालं आणि शेड्यूल एकदम माणसात आलं. ज्या पार्टीची असेंब्ली लाइन आमच्या गिअरवाचून थांबू शकते तिच्या उशिराला वजन जास्त.

आणि सेटिंगचा वेळ त्यात किती मिसळायचा? एक तास सेटिंग वाचलं तर किती उशीर माफ? याचं एक उत्तर नाहीच, महिन्याच्या पाच तारखेला वेगळं आणि सत्तावीसला वेगळं. इथे आपल्या देशातलं काम उपयोगी पडलं. आयआयटी कानपूरला असताना कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एनएसजीए-टू नावाची पद्धत काढली, तिचा पेपर २००२ चा, जगभर वापरली जाते. ती दोन उद्दिष्टं एकात कालवत नाही. एकच शेड्यूल देण्याऐवजी ती शेड्यूलांची एक रांग देते, एका टोकाला सेटिंग सगळ्यात कमी पण उशीर जास्त, दुसऱ्या टोकाला उशीर कमी पण सेटिंग जास्त, आणि मधले सगळे, ज्यातल्या कुठल्याही एकाला दुसरा दोन्ही बाबतीत हरवू शकत नाही. मी त्यातली तीन छापतो आणि मामांसमोर ठेवतो. निवडतात मामा. मला हेच बरोबर वाटतं, किती ताणायचं हे ज्याला पार्टीचा स्वभाव माहीत आहे त्यानंच ठरवावं.

अजून एक गोष्ट केली जी मला या सगळ्यात सर्वात जवळची आहे. सुरुवातीची १०० शेड्यूल कशीही बनवायची असं वर म्हटलं, पण तसं करायची गरज नाही. त्यातली काही मी साध्या नियमांनी बनवतो, म्हणजे ज्याची तारीख आधी तो आधी, किंवा ज्याचं काम छोटं तो आधी. आणि एक असतं मामांच्या वहीतलं, रोज सकाळी मी ते फोटो काढून भरतो. एकाच उद्दिष्टावर चालवताना प्रत्येक पिढीतली सगळ्यात चांगली दोन शेड्यूल हात न लावता पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे शेवटी जे निघतं ते मामांच्या प्लॅनपेक्षा वाईट असूच शकत नाही, आमच्या मार्कांच्या हिशोबानं तरी. आणि बहुतेक दिवशी जे जिंकतं त्यात मामांच्या क्रमाचे मोठे मोठे तुकडे जसेच्या तसे दिसतात, विशेषतः हॉबिंगचे. ग्राइंडिंगच्या पानावर मात्र कॉम्प्युटर बराच बदल करतो, कारण तिथे काय येणार हे बाहेरून परत येणाऱ्या मालावर ठरतं आणि तीन दिवस पुढचं एवढं सगळं डोक्यात धरणं कुणालाच शक्य नाही.

एक धोकाही आहे. मामांचं शेड्यूल बाकीच्यांपेक्षा इतकं सरस असायचं की वीस पिढ्यांत सगळी १०० त्याचीच नातवंडं व्हायची, सगळे एकाच तोंडवळ्याचे, आणि मग सुधारणा थांबायची. एकच वाण सगळीकडे पेरलं की रोग आल्यावर सगळं शिवार जातं तसं. त्यासाठी उत्परिवर्तन, म्हणजे मध्येच एखादा जॉब उगाच मागेपुढे करणं, थोडं वाढवलं, आणि एकसारखी शेड्यूल दिसली की त्यांच्या जागी नवीन, कशीही बनवलेली घालतो.

नंतर एक दिवस हॉबिंगचं मशीन सकाळी अकराला बंद पडलं. मी खुशीत होतो की आता बघा, चार मिनिटांत नवीन शेड्यूल. काढलं, वाटलं, आणि अर्ध्या तासात तीन ऑपरेटर माझ्या टेबलापाशी. कॉम्प्युटरनं हॉबिंगशी काही संबंध नसलेल्या मशीनवरचे जॉबसुद्धा उलटेपालटे केले होते, एकानं जॉ बोअर करून ठेवले होते, दुसऱ्यानं टूल प्रीसेट केले होते, सगळी मेहनत वाया. मार्कांत सुधारणा किती, तर नाममात्र. त्यांचं चिडणं शंभर टक्के रास्त होतं. तेव्हापासून चालू शिफ्टचं शेड्यूल गोठवलेलं असतं, फक्त बंद पडलेल्या मशीनचं आणि त्याच्या पुढच्यांचंच हलतं, आणि जुन्या शेड्यूलपासून जितका बदल तितका दंड. माणूस सेटिंगची तयारी आधीच करून ठेवतो, हे गणितात आणायला मला इतका उशीर लागला याचं आजही वाईट वाटतं.

फायदा झाला का? झाला. माझ्या नोंदीप्रमाणे हॉबिंगवर हॉब बदलायच्या फेऱ्या स्पष्ट कमी झाल्या, आणि महिनाअखेरीला रात्री थांबायची वेळ गेल्या चार महिन्यांत एकदाच आली. नेमकी टक्केवारी सांगत नाही कारण याच काळात एक नवीन टर्निंग मशीनही आलं, सगळं श्रेय प्रोग्रॅमला देणं चुकीचं होईल.

कुणी करून बघणार असेल तर दोन गोष्टी. एक, सगळ्यांनी जेनेटिक अल्गोरिदमच वापरावा असं माझं म्हणणं नाही. गूगलचं ओआर-टूल्स हे असे प्रश्न सोडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातला सीपी-सॅट सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा भाग, छोट्या आणि स्वच्छ प्रॉब्लेमवर फार जोरदार आहे. वर सांगितलेलं फिशर-थॉम्प्सनचं कोडं मी दोन्हींना दिलं, सीपी-सॅटनं ९३० काढून दिला, माझा अल्गोरिदम ९५० च्या आसपास घुटमळला. पण फर्स्ट पीस, टेम्पो, उशिराचा वर्ग, ऑपरेटरची तयारी हे सगळं त्याच्या भाषेत बसवताना मी थकलो. जेनेटिकमध्ये मला फक्त इतकंच लिहावं लागतं की या क्रमानं गेलो तर शॉपवर काय घडेल, साध्या पायथनमध्ये, ओळीखाली ओळ. नवीन नियम आला की दोन ओळी वाढतात. आमच्यासारख्या रोज बदलणाऱ्या शॉपला ते जास्त मोलाचं. दुसरी गोष्ट, सायकल टाइम आणि सेटिंग टाइम स्वतः मोजल्याशिवाय काही सुरू करू नका, आणि मोजायला जाताना ऑपरेटरला आधी सांगा की हे तुमचा रेट कापायला नाहीये. मी पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं आणि त्या दिवसाचे सगळे आकडे फेकून द्यावे लागले.

सध्या एक वेगळाच उपयोग चालू आहे. मागच्या महिन्यात सहज म्हणून मी प्रोग्रॅममध्ये चारच्या टेम्पोबरोबर बाराचा अजून एक टेम्पो घातला आणि जुन्या सहा आठवड्यांचे जॉब पुन्हा चालवून बघितले. लेट होणाऱ्या जॉबची यादी इतकी आखूड झाली की मी दोनदा तपासलं, कुठे चूक तर नाही ना. इतके दिवस आम्ही हॉबिंगला अजून एक मशीन पाहिजे म्हणून साहेबांच्या मागे लागलो होतो, तेही घालून बघितलं, त्यानं फरक पडला पण टेम्पोपेक्षा कमी, कारण हॉबिंग लवकर संपूनही माल चारपर्यंत बसूनच राहतो. प्रिंट मामांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली, मग वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं बाराला कुठले कुठले लॉट निघू शकतील ते लिहून काढलं, माझ्या प्रिंटकडे न बघता. सातातले सहा तेच होते. सातव्याबद्दल म्हणाले, "त्यो नको, त्याचं डीबरिंग हातानं हुतं, बारापातूर हुनार न्हाई." डीबरिंगचा वेळ मी सगळ्या जॉबना सारखाच धरला होता.

तो काल दुरुस्त करायला घेतला. हीट ट्रीटमेंटवाले पंधरा दिवस ट्रायलला तयार झालेत, सोमवारपासून बाराचा टेम्पो सुरू होतोय, मामांनी ड्रायव्हरशी बोलूनही ठेवलंय. आज सुट्टी असली तरी संध्याकाळी बसून डीबरिंगचे उरलेले वेळ भरायचेत, अजून २३ जॉब बाकी आहेत.